कास्ट

अकरावीच्या प्रवेशाला रांगेत उभा होतो. खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करताच विचारलं, "कास्ट?" मी हळू बोललो. "मोठ्यानं बोल की!" मागं सगळी रांग कान टवकारून. घाम मला फुटला, त्याला नाही.

त्याच वर्षी वसतिगृहातल्या जाडजूड कोशात हा शब्द काढला. तर तो इंग्रजांचाही नव्हे. पोर्तुगीजांचा! 'कास्ता' म्हणजे वंश, वाण. १४९८ साली ते कालिकतला उतरले, १५१० मध्ये गोवा घेतलं, आणि इथल्या माणसांना घरून आणलेला शब्द डकवला. पोर्तुगालात आजही द्राक्षाच्या वाणाला कास्ताच म्हणतात. स्पेनमध्ये झुंजीच्या बैलाची तारीफ याच शब्दानं होते. आईला सांगितलं तर म्हणाली, "आपल्यातबी जातिवंत बैल म्हणत्यात की. बैलाची जात निघाली का भाव वाढतो. आपली निघाली का हंडा लांब सरकतो."

स्पॅनिशांनी हा शब्द मेक्सिकोला नेला. तिथं गोरे, काळे आणि मूळ रहिवासी यांच्या मिश्र संततीला कास्ता म्हणू लागले. अठराव्या शतकात त्यांची चित्रं रंगवली: बाप, आई, पोर आणि वर मिश्रणाचं नाव. एकाचं नाव 'लोबो', म्हणजे लांडगा! म्हणजे इकडं न मिसळणारे ज्या शब्दानं मोजले, तिकडं मिसळलेले त्याच शब्दानं मोजले. मोजणारा तेवढा वरच.

मूळ लॅटिन 'कास्टुस', शुद्ध, असं बरेच कोश सांगतात. काही पंडितांना ते पटत नाही, ते गॉथिक भाषेकडं बोट दाखवतात. शुद्धतेच्या या शब्दाचं स्वतःचं कूळच धड ठरत नाही, गंमत बघा. पण कास्टुसची इंग्रजीतली दोन लेकरं पक्की. एक 'चेस्ट', म्हणजे शीलवान, आणि ते बहुतेक बाईलाच लावायचं. दुसरं 'कॅस्टिगेट', म्हणजे झोडपून काढणं; मुळातला अर्थ शुद्ध करणं. हे वाचलं आणि कोश तसाच मांडीवर राहिला. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेला निबंध आठवला. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह, जात राखायला बाई कशी कोंडली ते त्यात आहे. आणि आठवलं महाड. २० मार्च १९२७ ला आपली माणसं चवदार तळ्याचं पाणी प्याली. मग त्यांच्यावर लाठ्या पडल्या, आणि नंतर तळं शेण-गोमूत्रानं शुद्ध झालं. झोडपणं आणि शुद्ध करणं. लॅटिन न शिकता जमलं त्यांना.

२००७ साली इटलीत दोन पत्रकारांनी तिथल्या पुढाऱ्यांच्या ऐषारामावर पुस्तक लिहिलं. नाव 'ला कास्ता'. खूप खपलं. तेव्हापासून तिकडं कास्ता म्हटलं की खुर्चीला चिकटलेले, फुकट खाणारे, असा अर्थ. म्हाताऱ्या आईला हेही सांगितलं. तांदूळ निवडता निवडता थांबली.

"म्हंजी तिकडं जात वरच्यालाच इचारत्यात व्हय?" म्हणाली, आणि हसत सुटली.