वानखेडेवर राहून गेलेल्या दोन धावा

७ मे १९९१. मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर रणजी करंडकाच्या अंतिम सामन्याचा पाचवा आणि शेवटचा दिवस. फलकावर मुंबईच्या ९ बाद ३५२ धावा. विजयासाठी हव्यात आणखी तीन. खेळपट्टीवर तीन फलंदाज उभे आहेत. हे छपाईची चूक वाटावी असे असले, तरी चूक नाही. दिलीप वेंगसरकरांच्या पायांत पेटके आले होते, म्हणून त्यांच्यासाठी धावायला लालचंद राजपूत आले होते. अशा बदली धावणाऱ्याला मैदानावर ‘रनर’ म्हणत. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून ही सवलत बंद झाल्यामुळे आजच्या अनेक तरुण वाचकांनी ती पाहिलेलीही नसेल. फटका मारणारा एक, धावणारा दुसरा आणि समोरच्या टोकाकडून येणारा तिसरा, अशी ही व्यवस्था. तिच्यात गोंधळाला किती जागा असते, हे त्या संध्याकाळी मुंबईला कळले.

वानखेडेवरच्या अखेरच्या क्षणांची आठवण निघाली की बहुतेकांना २ एप्रिल २०११ ची रात्र आठवते. महेंद्रसिंग धोनीने कुलसेकराला लाँग ऑनवरून भिरकावलेला षटकार आणि अठ्ठावीस वर्षांनी आलेला विश्वचषक. त्या आनंदाला उणे लेखण्याचे कारण नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने फलकाकडेही पाहिले पाहिजे. त्या चेंडूपूर्वी भारताला अकरा चेंडूंत चार धावा हव्या होत्या आणि सहा गडी शिल्लक होते. सामना तेव्हा जवळजवळ जिंकलेलाच होता. त्या डावाचा खरा भार गौतम गंभीरच्या ९७ धावांनी आणि धोनीने स्वतः वरच्या क्रमांकावर येऊन पेललेल्या मधल्या षटकांनी वाहिला. १९९१ चा सामना याच्या नेमका उलट. तिथे शेवटपर्यंत काहीही ठरलेले नव्हते.

आधी पार्श्वभूमी. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वेळा रणजी करंडक जिंकणारा मुंबई संघ १९८४-८५ नंतर विजेतेपदासाठी आसुसला होता. सहा वर्षे म्हणजे इतर संघांना फार वाटू नयेत. मुंबईला मात्र ती दुष्काळासारखी होती. समोर कपिल देवचा हरियाणा, ज्याने हा करंडक एकदाही जिंकला नव्हता. हरियाणाने पहिल्या डावात ५२२ धावा केल्या. त्यात दीपक शर्माच्या १९९ होत्या. एका धावेने हुकलेले ते द्विशतक पुढच्या घटनांची पूर्वसूचनाच म्हणावी. मुंबई ४१० वर आटोपली. हरियाणाने दुसऱ्या डावात २४२ केल्या आणि मुंबईपुढे ३५५ धावांचे लक्ष्य आले.

येथे एक नियम समजून घेणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय त्या दिवसाची तगमग कळणार नाही. रणजीचा अंतिम सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावातील आघाडीवर विजेता ठरतो. आघाडी हरियाणाकडे होती, ११२ धावांची. म्हणजे मुंबईने दिवसभर नांगर टाकून सामना वाचवला असता, तरी करंडक हरियाणालाच गेला असता. ‘खडूस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुंबईच्या फलंदाजीचे सर्वांत भरवशाचे शस्त्र, म्हणजे चिवटपणे टिकून राहणे, त्या दिवशी निरुपयोगी ठरले होते. जिंकण्याला पर्याय नव्हता.

आणि सुरुवात झाली ३ बाद ३४ अशी.

तेव्हा वेंगसरकरांच्या साथीला सचिन तेंडुलकर आला. एकाने नुकतीच पस्तिशी गाठलेली, शंभराहून अधिक कसोटींचा आणि लॉर्ड्सवरच्या तीन शतकांचा धनी. दुसऱ्याला अठरा वर्षे पूर्ण होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. सचिनने ७५ चेंडूंत ९६ धावा केल्या. १९९१ साली, त्या काळच्या बॅटने, पाचव्या दिवशीच्या खेळपट्टीवर केलेल्या या धावा आहेत, हे वाचताना विसरू नये. दोघांनी १३४ धावांची भर घातली. सचिन शतकाच्या उंबरठ्यावरून परतल्यावर विनोद कांबळीने ४५ धावांची साथ दिली. पण पुढचे गडी पडत गेले आणि ३०५ वर नववा गडी बाद झाला. अजून पन्नास धावा हव्या होत्या, आणि फलंदाजीला आला उंचापुरा वेगवान गोलंदाज अॅबी कुरुविला.

वेंगसरकर हे मुळात नजाकतीचे फलंदाज. सरळ उभी अंगकाठी आणि सरळ बॅटने मारलेला ड्राइव्ह ही त्यांची ओळख. त्या संध्याकाळी मात्र त्यांनी हाणामारीही केली. पाय साथ देत नव्हते, धावा दुसऱ्याच्या पायांनी काढायच्या होत्या, आणि प्रत्येक षटकात कुरुविलाला समोरच्या टोकाला सुरक्षित ठेवण्याचा हिशेब मांडायचा होता. पन्नासाचे चाळीस झाले, चाळिसाचे वीस, मग दहा, मग तीन. शेवटच्या जोडीने ४७ धावा केल्या. कुरुविलाचा यातला वाटा केवळ धावांत मोजणे अन्यायाचे ठरेल. त्याने तिथे उभे राहणे हीच त्याची कामगिरी होती.

कपिलच्या संघात त्या दिवशी चेतन शर्माही होता. १८ एप्रिल १९८६ रोजी शारजात शेवटच्या चेंडूवर जावेद मियाँदादने षटकार मारला, तो याच गोलंदाजाला. शेवटच्या क्षणाची किंमत काय असते, हे त्या मैदानावर त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

मग तो चेंडू आला. एका धावेसाठी धावाधाव झाली आणि कुरुविला धावबाद झाला. मुंबई सर्वबाद ३५२. वेंगसरकर नाबाद १३९. हरियाणा दोन धावांनी विजयी. मैदानावर वेंगसरकरांना अश्रू आवरले नाहीत. १९८३ च्या विश्वविजेत्या संघातला, जगभरच्या वेगवान माऱ्यापुढे ताठ उभा राहिलेला हा माणूस एका स्थानिक सामन्यासाठी रडला, ही गोष्ट रणजी करंडकाचे तेव्हाचे मोल कोणत्याही आकडेवारीपेक्षा अधिक स्पष्ट करते.

भोरजवळच्या उत्रोलीसारख्या गावात टेनिस चेंडूने खेळणाऱ्या मुलांचा हिशेब सोपा असतो. तिथल्यासारख्या कितीतरी मैदानांवर शेवटच्या गड्याला एकट्याने खेळू देतात. जोडीदार बाद झाला म्हणून बॅट खाली ठेवावी लागत नाही. वेंगसरकरांना तो नियम मिळाला असता तर करंडक कोठे गेला असता, हे सांगायला इतिहासकाराची गरज नाही.

याच वानखेडेवर नोव्हेंबर २०११ मध्ये, विश्वचषकाच्या त्या रात्रीनंतर आठच महिन्यांनी, धावबादनेच आणखी एक सामना विलक्षण ठरवला. वेस्ट इंडीजविरुद्धच्या कसोटीत भारताला शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या होत्या. रविचंद्रन अश्विनने एक धाव पूर्ण केली आणि दुसरी घेताना तो बाद झाला. दोन्ही संघांच्या एकूण धावा समान, ७२४. तरीही सामना ‘बरोबरीत’ सुटला नाही, ‘अनिर्णित’ राहिला. कारण भारताचा एक गडी शिल्लक होता आणि डाव पूर्ण झालेला नव्हता. कसोटी इतिहासात असे त्यापूर्वी एकदाच, १९९६ साली बुलावायोत घडले होते. पहिल्या डावात पाच बळी आणि शतक अशी कामगिरी केलेल्या अश्विनच्या त्या कसोटीची आठवण लोकांनी ठेवली ती त्या न झालेल्या धावेसाठी.

वेंगसरकर आपली शेवटची कसोटी १९९२ च्या फेब्रुवारीत पर्थला खेळले. कुरुविला १९९७ मध्ये भारतासाठी दहा कसोटी खेळला. मुंबईने रणजी करंडक पुन्हा जिंकला तो १९९३-९४ मध्ये, रवी शास्त्रीच्या नेतृत्वाखाली, याच वानखेडेवर.