ईदीतून टॅबू

यंदाच्या रमजान ईदला मुलीकडे ईदीचे साडेबाराशे रुपये जमले. बासी ईदलाच ती म्हणाली, "अब्बा, मेरेकू टॅबू लेनेका है." अम्माने विचारलं, "तब्बू? वो सिनेमावाली?" घरात हशा पिकला. मी मात्र लगेच हो म्हटलं नाही.

टॅबू हा शब्द ओळखण्याचा खेळ. १९८९ साली अमेरिकेत पार्कर ब्रदर्सने तो बाजारात आणला. कार्डावर वर एक शब्द असतो आणि त्याखाली मनाई केलेले पाच शब्द. वरचा शब्द आपल्या गटाकडून वदवून घ्यायचा, पण तो आणि खालचे पाच तोंडातून काढायचे नाहीत. समोरच्या गटातला एक जण शेजारी उभा राहून कार्डावर नजर ठेवतो आणि चूक झाली की बझर दाबतो. वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत हे चालतं.

अडचण पैशांची नव्हती. गेल्या वर्षी पुण्यात चुलतभावाकडे आम्ही हाच खेळ खेळलो होतो. कार्डं इंग्रजी, खुणाही इंग्रजीत. अम्मा दहा मिनिटं बसली, मग "चाय रखती हूँ" म्हणत उठली ती परत आलीच नाही. तिला कुणी ऊठ म्हटलं नव्हतं. बस, असंही कुणी म्हटलं नाही. अम्मा चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकली. पेपर रोज वाचते, पण इंग्रजी अक्षरं तिला येत नाहीत.

हे मी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "मग दादीला येत नाही ते मी कधीच घ्यायचं नाही का?" मला उत्तर सुचेना. तिला इंग्रजी शाळेत मीच घातलं. तिच्या मैत्रिणी हा खेळ खेळतात. शाळेसाठी इंग्रजी हवं आणि घरात नको, असं तिला कोणत्या तोंडाने सांगणार?

दुसरा एखादा खेळ मिळतो का पाहिलं. 'कोडनेम्स' हा २०१५चा खेळ फार नावाजलेला, पण त्यात टेबलावर पंचवीस शब्द मांडलेले असतात आणि ते प्रत्येकाला वाचता यावे लागतात. म्हणजे अम्मासाठी आणखी अवघड. टॅबूत निदान ओळखणाऱ्याला काही वाचावं लागत नाही.

मग ठरवलं, आधी घरीच खेळून बघू. जुन्या लग्नपत्रिका कापल्या आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मुलांनी मराठीत तीस कार्डं लिहिली. एका कार्डावर होतं 'खिचडा'. मनाई : गहू, मटण, डाळ, मोहरम, देग. ते अम्माच्या हाती आलं. तिने क्षणभरही विचार केला नाही. "घोटते घोटते तुमारे दादा के हात दुखते थे ना, वो!" धाकटा ओरडला, "खिचडा!" त्या डावात अम्माने एका मिनिटात सात शब्द वदवून घेतले. मी तीनवर अडकलो होतो.

मुलीने विचारलं, "दादी, तुम्हाला हे कसं जमतं?" अम्मा हसली, बोलली काहीच नाही. उत्तर मला सुचलं. अम्माने आयुष्यभर अब्बांचं नाव घेतलं नाही. 'बच्चों के अब्बा', 'वो', 'घर में हैं क्या'. रेशन कार्डाच्या रांगेत कारकुनाने नवऱ्याचं नाव विचारलं की ती माझ्याकडे बघायची आणि मी सांगायचो. अब्बांना जाऊन सहा वर्षं झाली, तरी तिची सवय सुटलेली नाही. टॅबू हा शब्द मूळचा टोंगा बेटांवरचा. कॅप्टन कुकच्या १७७७च्या सफरीतून तो इंग्रजीत आला. अम्माला तो माहीत नव्हता, पण त्याचा खेळ ती पन्नास वर्षं खेळत आली होती.

शेवटी आम्ही टॅबू मागवला. पैसे मुलीच्या ईदीचे, नियम घरचे. खूण दखनी, मराठी, इंग्रजी, कोणत्याही भाषेत द्यावी, उत्तरही तसंच चालेल. मनाईचा शब्द मात्र तिन्ही भाषांत मनाईच. अम्माची पाळी आली की समोरच्या गटातल्या कुणीतरी कार्ड तिच्या कानात वाचायचं, मगच घड्याळ उलटं करायचं. परदेशातलंच काही निघालं तर ते कार्ड बाजूला ठेवून लग्नपत्रिकेवरचं घ्यायचं.

तुमच्या घरीही असा खेळ घ्यावा की नाही यावर चर्चा चालली असेल, तर आधी दहा कार्डं हाताने लिहून एक संध्याकाळ खेळून बघा. मध्येच कोण उठून जातं, तिकडे लक्ष ठेवा.

परवा खेळताना मुलगी अम्माच्या कानाशी लागून एक इंग्रजी शब्द समजावत होती. ती समोरच्या गटात होती, म्हणजे तिचाच तोटा. तरी अम्माला नीट कळेपर्यंत तिने घड्याळाला हात लावला नाही. चहा त्या दिवशी मी केला.