निवळ पाणी

मराठीतले 'निवळणे' हे क्रियापद मोठे गुणी आहे. आभाळ निवळते, राग निवळतो, पाणीही निवळते. वर्गात मी ते अकर्मक म्हणून शिकवतो. आमची आजी घागरीला आतून निवळीचे बी घासून ठेवी आणि मग घागरीला हात लावू देत नसे. घासणे आपले, निवळणे पाण्याचे! या व्याकरणाचा खरा अर्थ मात्र मला काचेच्या एका पेटीने शिकवला.

आईच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. डाव्याला ती काही केल्या तयार होईना. वाचन बंद, दुपार खायला उठायची. म्हणून नातवाने हट्टाने तिच्या खोलीत मत्स्यपेटी आणवली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरली तर सुमारे 56 लिटर पाणी. मासे मात्र पाणी तयार झाल्यावरच सोडायचे, असा मी दंडक घातला.

आठवड्यात पाणी दुधाळ झाले. आईने एक डोळा मिटून पाहिले, मग दुसरा. हळूच म्हणाली, "अरे, पाणी गढूळ आहे, की माझा झालेला डोळाही बिघडला?"

"पाणीच गढूळ आहे, आई," मी म्हणालो. पण तिच्या स्वरातली भीती माझ्या कानांतून जाईना.

सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारचे नाना म्हणाले, तुरटी फिरवा. सौभाग्यवती म्हणाल्या, सगळे ओतून पेटी घासा. पण तो मळ नव्हताच. नव्या पाण्यात जिवाणूंची अशी गर्दी उसळते आणि घडी बसली की ओसरते. पाण्याला हिरवा रंग चढला तर दोष बहुधा फाजील उजेडाचा. तरंगणारी धूळ तेवढी गाळणीने जाते.

दुकानदाराने दिलेल्या फिल्टरात स्पंजाचा एकच तुकडा होता. त्याऐवजी तासाला अडीचशे लिटर पाणी फिरवणारा फिल्टर आणून मी त्यात तीन थर लावले. पाणी प्रथम जाड स्पंजातून जाते. तिथे मोठा कचरा अडतो. मग पांढऱ्या लोकरीसारख्या तंतूंतून. तिथे बारीक धूळ राहते. शेवटी चिनी मातीच्या सच्छिद्र कड्यांतून. या कड्या काही गाळत नाहीत. ते बिऱ्हाड आहे! माशांच्या मलमूत्रातून होणाऱ्या विषारी अमोनियाचे नायट्राइट आणि त्याचे पुढे बरेच सौम्य नायट्रेट करणारे जिवाणू तिथे राहतात. विनोग्राद्‌स्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890च्या सुमारास या जिवाणूंचे काम उलगडले. त्यांना प्राणवायूचे वाहते पाणी अखंड लागते. रात्री दिव्यांबरोबर फिल्टरचेही बटण बंद करण्याची आईची काटकसर मला मोठ्या मिनतवारीने सोडवावी लागली.

बिऱ्हाड भरायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर त्या जिवाणूंनाही अन्न हवे. म्हणून नसलेल्या माशांसाठी आई रोज चिमूटभर खाऊ टाकी. नातू हसे, ती म्हणे, "पाहुणे यायच्या आधी चूल पेटती हवी."

दहाएक दिवसांत पाणी निवळले. पाचव्या आठवड्याच्या अखेरीस, थेंबांच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावर आठ गप्पी आत सोडले. आई मोजायला बसली. उजव्या डोळ्याने आठ भरले. मग उजवा मिटून डाव्याने पाहिले, तर तेच पाणी धूसर! बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "दुसऱ्याचं कधी करायचं रे?" सहा महिने आम्ही सगळ्यांनी समजावून जे झाले नाही, ते आठ गप्पींनी केले.

आता दिवाळीची साफसफाई आली. घरातला कोपरान् कोपरा घासला जाईल. फिल्टर मात्र त्या झपाट्यातून वाचवा! स्पंज खळबळायचा तो पेटीतूनच काढलेल्या पाण्यात. नळाच्या पाण्यातले क्लोरिन बिऱ्हाड उठवते. कड्यांना साबण दाखवू नये. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे, तेही क्लोरिन घालवलेले. माशांना दोन मिनिटांत संपेल इतकेच खाऊ घालावे. एवढे झाले की हात पुसून बाजूला बसावे. पुढचे क्रियापद अकर्मक आहे.