पऱ्हाटी एक, बोली अनेक
यवतमाळहून पुसदकडे निघा, नाहीतर पांढरकवड्याकडे. दोन्हीकडे वावरात पऱ्हाटीच दिसेल, कानावरची बोली मात्र बदलत जाईल. पुण्या-साताऱ्याकडचा कुळव तो आपला वखर. तिकडची कोळपणी ती आपली डवरणी, खुरपणी ते निंदण. पुसद-दिग्रसच्या तांड्यांवर गोरमाटी चालते. झरी-जामणीच्या पोडांवर कोलामी. तिथं पाणी म्हणजे 'ईर'. गोंडीत तेच 'येर', आणि सीमेपलीकडे तेलुगूत 'नीळ्ळु'. शब्द निराळे असले तरी तहान भागते.

एक शब्द मात्र जपून वापरावा. कीटकनाशकाला आपण सर्रास 'औषध' म्हणतो. औषध म्हटलं की भीती उरत नाही. मग उघड्या हातांनी कालवणं आलं, हात न धुता भाकर खाणं आलं. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं सुमारे २० शेतकरी-मजूर दगावले.

डब्यावरच्या त्रिकोणाला कोणतीच बोली लागत नाही: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा असला तरी हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच. घरच्यांना, मजुरांना हे त्यांच्याच बोलीत सांगा. आपल्या वऱ्हाडीत तर सरळ शब्द आहे: जहर.