विसराळू की गाफील?

"बाबा, 'ऑब्लिव्हियस' म्हणजे काय हो?" मुलीने विचारले. व्युत्पत्ती म्हटली की मला चेव येतो. "मूळ लॅटिन अर्थ विसराळू. इंग्रजीत १५ व्या शतकात तो तसाच आला. 'भान नसलेला' हा अर्थ मागाहून चिकटला. आपला गाफील म्हण ना! तोही मूळचा अरबीच."

"मग आईचा चष्मा तडकलाय, ते ठाऊक आहे तुम्हांला?"

मी स्वयंपाकघरात डोकावलो. तडकलेल्या काचेतून ही तांदूळ निवडीत होती.

"कधी फुटला गं?"

"गणपतीत. सांगितलं होतं की तुम्हांला!"

म्हणजे दोन्ही अर्थ मलाच लागू! आधी विसरलो, मग समोर असूनही दिसेना. शब्दाचा प्रवासही बहुधा याच वाटेने झाला असावा.

मी कोश मिटला आणि चष्मेवाल्याकडे निघालो.