निहाली बोलणाऱ्यांची नोंद

चि. भाचीस,


प्रबंधासाठी मरणपंथाला लागलेली एखादी भाषा हवी म्हणून तू अंदमानची पुस्तकं गोळा करते आहेस, असं ताईनं कळवलं. तिथली बो भाषा २०१० साली शेवटच्या बोलणारीबरोबर गेली, ते खरंच. पण आपल्या बुलढाण्यातलं जळगाव जामोद तर एसटीनं गाठता येतं!

सातपुड्याच्या त्या पायथ्याला निहाल राहतात. त्यांची निहाली (तिला काल्टोही म्हणतात) जगातल्या कुठल्याच भाषाकुळात बसत नाही. बोलणारे फार तर दोन-अडीच हजार. कोरकू, मराठी, हिंदी अशा सगळ्यांकडून तिनं शब्द घेतले. दोन, तीन, चार या संख्या तर थेट द्राविडी वळणाच्या. ही सगळी उसनवारी बाजूला काढली तरी साधारण चौथा हिस्सा उरतो, आणि तो कुठून आला याचा माग अजून कुणाला लागलेला नाही. या कोड्यापायीच विद्वान तिच्यामागे लागले. ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीत ती आहे. डच पंडित कायपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. ही चोरांची सांकेतिक बोली तर नसेल, अशीही शंका त्यांना आली होती. (निहालांना कुणी विचारलं होतं का, कोण जाणे.) पुढे आशा मुंडले, के. एस. नागराज, डेक्कन कॉलेजात असताना शैलेंद्र मोहन यांनी नेटानं काम केलं.

सरकारी कागदांत मात्र निहाल शोधताना दमशील. अनुसूचित जमातींच्या यादीत ते कोरकू जमातीच्याच नोंदीत, बोपची-मवासींच्या रांगेत. जनगणनेत १९७१ पासून दहा हजारांहून कमी बोलणाऱ्यांच्या भाषा वेगळ्या छापतच नाहीत.

निहाल पिढ्यान्पिढ्या कोरकूंकडे मजुरीला जात आले, त्यामुळे कोरकू त्यांना येतेच. बाजाराला मराठी-हिंदी, शाळेला मराठी. निहाली उरली घरापुरती. मास्तरांचं बोलणं पोराला कळावं म्हणून एखादी आई चुलीपाशीही मराठीच बोलू लागली, तर तिला बोल लावायचा आपल्याला काय अधिकार? शिक्षण शक्यतो मातृभाषेतून द्यावं, असं २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. इतक्या छोट्या भाषेच्या वाट्याला ते ‘शक्यतो’ सहसा येत नाही.

तेव्हा जाशील तर आधी गावाला विचार, मग यंत्र सुरू कर. ध्वनिमुद्रणाची एक प्रत तिथेच ठेव. शब्दसंग्रह देवनागरीत कर. रोमन लिपीतला विद्यापीठाच्या कपाटात जाईल, पोरांच्या हाती नाही. आणि जनगणनेचा प्रगणक दारात आला की मातृभाषा ‘निहाली’च लिहायला लावा, एवढं घरोघर सांगून ये. आकडा छापला नाही तरी नोंद राहील.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा