खुंटीवरची पाटलोण

आमच्या घरी दाराआड एक खुंटी आहे. पूर्वी तिच्यावर माझी छत्री लटकत असे. पुढे दोन वर्षं तिथं एक काळी पाटलोण लटकत होती. गुडघ्यांवर टणक फुगवटे असलेली, आत कुणी नसतानाही कुणीतरी उभं आहे असं वाटायला लावणारी. पाहुण्यांची लहान मुलं तिला चक्क भीत. मोठी माणसं विचारीत, "हे काय हो?" "मोटारसायकलवर घालायची पँट," असं मी जरा ऐटीतच सांगे. "मग घालत का नाही?" हा पुढचा प्रश्न परक्यानं विचारणं बरं दिसत नाही. तो घरातूनच येई, आणि वरचेवर येई!

मोटारसायकलवाल्याचं कमरेखालचं शरीर आपल्याकडे पोरकंच राहिलं आहे. डोक्याची काळजी सरकारला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं शिरस्त्राण सक्तीचं केलं. थंडी वाजते म्हणून जाकीट येतं. गुडघे मात्र देवाच्या हवाली. आमच्या नगरात—आता ते अहिल्यानगर झालं आहे, पण जिभेची सवय जाता जात नाही—लूना तयार होत असे. धोतराचा सोगा सावरीत ती पिटाळणारी वडीलधारी मंडळी मी लहानपणी पाहिली आहेत. त्यांच्यापुढं गुडघ्याच्या रक्षणाची गोष्ट काढली असती, तर त्यांनी मला आधी डोक्याच्या वैद्याकडे नेलं असतं.

एका स्नेह्यानं सल्ला दिला, "टेक्स्टाइलची पँट घे." मी सरळ कापड बाजार गाठला. दुकानदारानं माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, पँट टेक्स्टाइलचीच असते. लोखंडाची आम्ही ठेवत नाही."

त्याचं काय चुकलं? हे नाव पडलं ते केवळ चामड्याच्या पाटलोणीपासून वेगळी ओळखू यावी म्हणून. ही पॉलिएस्टरच्या किंवा नायलॉनच्या जाड धाग्याची. धाग्याचा जाडपणा डेनियरमध्ये मोजतात. नऊ हजार मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. सहाशे डेनियरचं पॉलिएस्टर यात नेहमी आढळतं. चामडं रस्त्यावर घासलं तरी चिवटपणे टिकतं खरं, पण नगरच्या चैत्रात ते पायांत घालून फिरणाऱ्याला दंडवतच घालावा.

मी पुण्याला जाऊन पाटलोण आणली. लग्नाचा सूट निवडावा तशी, आरशासमोर ताठ उभा राहून. वर जाड कापड, आत पाणी अडवणारा थर, त्याच्याही आत ऊबदार अस्तर. "ही घालून हिमालयात गेलात तरी काही होणार नाही," विक्रेता म्हणाला. मी हिमालयात जाणार नव्हतो. राहुरीला जाणार होतो. पण त्या क्षणी आरशात मला हिमालयच दिसत होता.

आमच्या गावात रणगाड्यांचं संग्रहालय आहे. चिलखत म्हणजे काय हे नगरकराला कुणी शिकवायला नको. भर मे महिन्यात रणगाड्यात बसणाऱ्याला काय वाटत असेल, ते मात्र मला त्या पाटलोणीनं शिकवलं. आमचा मुलूख पर्जन्यछायेतला. पाऊस वर्षातून मोजके दिवस, ऊन बाकीचे सगळे. पाणी अडवणारा तो थर घामही तितक्याच इमानानं अडवी. चौथ्या दिवशी पाटलोण खुंटीवर गेली.

दुसऱ्या वर्षीच्या भाऊबिजेला मी बहिणीकडे राहुरीला निघालो. अंतर चाळीसेक किलोमीटर. सौभाग्यवती दोन दिवस आधीच माहेरी गेली होती. जाताना तिनं खुंटीकडं बोट दाखवलं होतं. पण दिवाळीची नवी पांढरी पँट अंगावर होती, आणि त्या काळ्या धुडात पाटावर मांडी घालून ओवाळून कसं घ्यायचं? गळिताचा हंगाम नुकताच सुरू झालेला. मनमाड रस्त्यावर कुठल्याशा ट्रॉलीतून पडलेला ऊस चाकांखाली चिरडून त्याचा चोथा झाला होता, आणि त्यावर सकाळचं दव. पुढचं चाक त्यावर गेलं एवढंच मला आठवतं. वेग तिसाच्याही आत असावा. शिरस्त्राणाला ओरखडा नाही, जाकिटाला धूळ तेवढी. उजव्या गुडघ्यावरचं कापड मात्र गेलं कुठं तेच समजेना. डॉक्टरांनी त्या गुडघ्यातून वाळू धुऊन काढली, तेव्हा मी बहिणीच्या गावात ऐकू जाईल असा ओरडलो.

तिनं मला खुर्चीवर बसवून ओवाळलं. पाय समोर स्टुलावर, पट्टी बांधलेला. "दादा, पाटावर नाही बसलास तरी चालतं रे," असं म्हणाली आणि तबक खाली ठेवून आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. घरी आल्यावर सौभाग्यवतीनंही एक अक्षर काढलं नाही. तिनं खुंटीकडं पाहिलं, एवढंच. दोन वर्षांचं सारं बोलणं त्याच्यापुढं फिकं होतं.

गुडघा बरा झाल्यावर आम्ही दोघं पुण्याला गेलो. या खेपेस आरसा तिनं मला पाहूच दिला नाही. "अहो, उभं राहून काय बघता? गाडी उभ्यानं चालवता का? त्या गाडीवर बसा बघू." बसलो, आणि पाटलोण घोट्यापासून चार बोटं वर सरकली. गुडघ्याची गादीही मांडीकडे निघाली. उभं असताना जरा खाली वाटणारी गादीच बसल्यावर बरोबर वाटीवर येते, हे मला त्या दिवशी कळलं. मग तिनं ती गादी मुठीत धरून पिळली. हातानं फिरते ती रस्त्यावर फिरणारच, हा तिचा हिशेब. तीन पाटलोणी त्यात नापास झाल्या. चौथी तिनं उलटी करून बैठकीची शिवण पाहिली. टाक्यांच्या रांगा मोजल्या. कमरेच्या बाजूला नुसता रिकामा खिसा आढळला, तेव्हा "यातलं काय झालं?" असं तिनं विचारलं. त्या गाद्या वेगळ्या विकत मिळतात म्हणे! त्याही घेतल्या.

विक्रेता मात्र आता वर्गावर आला. युरोपातल्या परीक्षेत कापड खरखरीत काँक्रीटवर घासून पाहतात. ज्या जागा आधी रस्त्याला लागतात, त्यांच्यासाठी 'ए' वर्गाला ताशी सुमारे ४५ किलोमीटरचा वेग, 'एए'ला ७० चा आणि 'एएए'ला १२० चा. शिवणीचा जोरही तपासतात. माझ्या घरच्या परीक्षकाला याचं मुळीच नवल वाटलं नाही. गाद्यांचेही दोन दर्जे आहेत. ठरावीक धक्क्यातलं सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत बळ पहिला दर्जा आत येऊ देतो, दुसरा २० पर्यंतच. "साहेब, एएए न्या." ती जड होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी खुंटी आठवली, आणि आम्ही 'एए' घेतली. बैठक आणि गुडघ्यांना भक्कम कापड, मांड्यांवर वारा खेळेल अशी जाळी, गाद्या दुसऱ्या दर्जाच्या. पावसासाठी वरून चढवायची वेगळी पातळ विजार. तिचं ओझं बारा महिने पोटात बाळगायला नको.

आणि एक गोष्ट तिनं मला न विचारताच ठरवली होती. दोन्ही पायांना बाहेरून कमरेपर्यंत चेन हवी. म्हणजे नेहमीच्या पँटवरून चढवता येते, आणि उतरवताना जोडेसुद्धा काढावे लागत नाहीत.

गेल्या भाऊबिजेला मी राहुरीला बहिणीच्या अंगणात गाडी लावली आणि भर दुपारी, शेजारच्या चार बायकांदेखत, सर्रकन दोन्ही चेना ओढून पाटलोण उतरवली. एकीनं तोंड फिरवलं. दुसरीनं फिरवलं नाही. आत नवी पांढरी पँट पाहून तिची थोडी निराशाच झाली असावी. भाचा ओरडत घरात पळाला, "आई, मामा पँट काढतोय!" बहीण हातातलं तबक तसंच घेऊन उंबऱ्यात आली. आधी तिनं माझा गुडघा चाचपला, मग हसायला लागली.

पाट मांडलेला होताच. मी मांडी घातली. उजवा गुडघा थोडा करकरला, पण टेकला. भाच्यानं तोवर पाटलोण उचलून त्यांच्या खुंटीवर अडकवली होती, आणि तिच्या गुडघ्यावर बुक्क्या मारून पाहत होता.